'शिक्षा' हा शब्द आणि अल्पवयीन अपराधी

गिरगावातील चाळीत एखाद्या पोराने आगळीक केली की वडीलधारी माणसे 'याला शिक्षा झाली पाहिजे' असे म्हणतात. हिंदीत तोच शब्द विद्यादानाचा वाचक आहे. मूळ 'शिक्ष्' हे 'शक्' धातूचे इच्छादर्शक रूप असून समर्थ होऊ इच्छिणे हा त्याचा अर्थ होय. मराठीत 'शिक्षण' व 'शिक्षा' यांची वाटणी झाली आणि दुसऱ्या शब्दातून शिकण्याचा भाव लोपला.

डोंगरीच्या ज्या तुरुंगात 1882 साली टिळक-आगरकरांनी 101 दिवस काढले, त्याच वास्तूत पुढे मुलांचे निरीक्षणगृह आले. वास्तूचा उपयोग पालटला. तेथे येणारा मुलगा मात्र लोकांच्या तोंडी 'बालगुन्हेगार'च राहिला. यातील 'गार' हा फारसी प्रत्यय 'कामगार' शब्दातलाच. एका कृत्यावरून तो माणसाची कायमची ओळख ठरवितो. 2015 च्या बालन्याय अधिनियमाने अशी कलंकदर्शक भाषा वर्ज्य मानली. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' ही संज्ञा रूढ झाली. त्याच अधिनियमाने 16 ते 18 वर्षांच्या मुलावर अतिगंभीर अपराधाबद्दल प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची वाट उघडली. परंतु देहदंड व सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप निषिद्ध ठेवली.

सौम्य संज्ञेने पीडिताचे दुःख हलके होत नाही. म्हणून कृत्याची जबाबदारी मुलाने पत्करलीच पाहिजे. मात्र जी भोगून तो अधिक समर्थ होत नाही, तिला दंड म्हणावे. शिक्षा म्हणू नये.