जाळ्याचा रंग

गतवर्षी हस्तव्यवसायाच्या तासास आपण स्वतः रंगविलेल्या सुताच्या जाळीदार पिशव्या विणण्याचे योजिले, तेव्हा आरंभीच आमची फजिती झाली, हे तुम्हांपैकी पुष्कळांस स्मरत असेल. एप्रिलचे दिवस होते, रातांबे पिकू लागले होते, आणि त्यांच्या सालींचा लालभडक रस पाहून कोणासही मोह पडावा. त्या रसात सूत उकळले, गुलाबी झाले, पिशव्या विणून तयार झाल्या. परंतु पहिल्याच धुण्यात साबण लागताच तो गुलाबी रंग निळसर करडा पडला व पुढच्या दोन पाण्यांत धुपून गेला. दोष मुलांचा नव्हे. रातांब्यातील रंगद्रव्य आंबटात लाल आणि क्षारात निळसर होते, व सुतास ते घट्ट धरून राहत नाही, हे ठाऊक असावयास हवे होते ते मला.

ही हकीकत घरोघर गेली. तेव्हा एका विद्यार्थ्याच्या वृद्ध आजी शाळेत आल्या. त्यांनी पदरातून ऐनाच्या सालीचे चार तुकडे काढून मेजावर ठेवले. त्यांच्या बालपणी त्यांच्या घरी जाळी याच सालीच्या काढ्यात रंगवीत असत. तो तांबूस तपकिरी रंग कसा आणावयाचा असे मी विचारताच त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मास्तरानू, ह्यो रंग न्हय, ह्यां औषद आसा!"

त्या एका वाक्यात जे शास्त्र आहे, तेच या लेखाचा विषय होय.

नायलॉन येण्यापूर्वी आपल्या किनाऱ्यावरील जाळी ताग व कापूस यांच्या सुताची असत. रापणीसारखे विस्तीर्ण जाळे म्हणजे अनेक कुटुंबांच्या कित्येक महिन्यांच्या हातकामाचे फळ, आणि ते ओढावयासही साऱ्या वाड्याचे हात लागत. असे जाळे रोज खाऱ्या पाण्यात भिजणार. कापूस व ताग यांचा मुख्य घटक जो सेल्युलोज, तो पाण्यातील सूक्ष्म जंतूंचे व बुरशीचे अन्न आहे. हे जीव आपल्या पाचक रसांनी धागा विरघळवितात, आणि वरून धडधाकट दिसणारे जाळे ऐन भरलेल्या मासळीच्या भाराने फाटते. ऐनाची साल, हिरडा, खैराचा कात, सुपारी यांत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. कातडे कमावतात ते याच द्रव्याने. टॅनिन प्रथिनांस घट्ट बिलगते. जंतूंचे पाचक रस हीही प्रथिनेच असल्यामुळे ते निकामी होतात. तपकिरी छटा हा केवळ त्या संरक्षणाचा दिसणारा भाग. समुद्राच्या पाण्यात टॅनिन हळूहळू निघून जाते, म्हणून जाळी वारंवार रंगवावी लागत व मासेमारीहून परतल्यावर वाळूवर पसरून वाळवावी लागत. काथ्यास मात्र एवढी काळजी लागत नाही, कारण नारळाच्या सोडणातील तंतूत लिग्निन पुष्कळ असते व ते सहजी कुजत नाही. सुंभाचा पीळ म्हणीत जाऊन बसला तो उगाच नव्हे!

ही युक्ती केवळ आपलीच होती असे समजू नये. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील कात जहाजांतून इंग्लंडास जाई आणि तेथील कोळी त्यात आपली जाळी व शिडे उकळीत. त्या किनाऱ्यांच्या जुन्या चित्रांतील तांबूस शिडे अशा रंगणाची आहेत.

मग १९३८ साली अमेरिकेत नायलॉनची घोषणा झाली, आणि १९५० नंतरच्या दशकांत नायलॉनची जाळी आपल्या देशात पसरली. ज्याने भिजलेल्या रापणीचे ओझे वाहिले आहे, तो या बदलास कधीही नावे ठेवणार नाही. जाळे हलके झाले, मजबूत झाले, कुजणे थांबले. परंतु कुजणे थांबले यातच दुसरी अडचण आहे. हरवलेले सुती जाळे काही महिन्यांत नाहीसे होई. हरवलेले नायलॉनचे जाळे वर्षानुवर्षे समुद्रात राहते व कोणी ओढणारा नसताही मासे आणि कासवे धरीत राहते. वेंगुर्ल्याकडील वायंगणीच्या किनाऱ्यावर अंडी घालावयास येणारी कासवे तुम्हांस माहीत आहेतच.

आता कृती. शंभर ग्रॅम पांढऱ्या सुताच्या लडी कराव्या व चार ठिकाणी सैल बांधाव्या. घट्ट बांधल्यास तेथे रंग पोहोचत नाही. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात तासभर उकळून सुतावरील तेलकटपणा काढावा. दोनशे ग्रॅम वाळलेली ऐनाची साल कुटून चार लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी तासभर उकळून गाळावी. काढा कोमट झाल्यावर ओले सूत त्यात सोडावे (कोरडे सूत डागाळते), मंद आचेवर तासभर ठेवावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. भांडे स्टीलचे घ्यावे. लोखंडाच्या कढईत टॅनिन व लोह मिळून काळी शाई होते. काळेच सूत हवे असेल तर गोष्ट निराळी! साल पडलेल्या किंवा तोडलेल्या झाडाचीच घ्यावी. उभ्या झाडाची साल सभोवार काढली तर झाड मरते. पूर्वी रंग टिकावा म्हणून मोरचूदही वापरीत. तो विषारी आहे, शाळेत आणू नये.

पिवळा रंग हवा असल्यास सूत आधी हिरड्याच्या पाण्यातून व नंतर तुरटीच्या पाण्यातून काढून फणसाच्या लाकडाच्या भुशात उकळावे. सिंहलद्वीप व ब्रह्मदेशातील भिक्षूंची वस्त्रे याच लाकडाने रंगवीत.

पिशवी विणावयास बांबूची एक चपटी सुई व एक पट्टी पुरे. पट्टीची रुंदी सर्वत्र एकच राहिली की जाळ्याची घरे, ज्यांस आस म्हणतात, ती एकसारखी पडतात. गाठ तीच, जी विणकर तुटलेला धागा जोडताना मारतो. दोरा खालच्या फासातून वर आणावा, फासाच्या दोन्ही पायांमागून फिरवावा आणि स्वतःच्याच खालून ओढावा. प्रथम हात अडखळतो; बारा-पंधरा गाठींनंतर बोटे आपोआप चालतात. आजींची बोटे तर डोळे मिटूनही चालत होती.

उरलेल्या सुताच्या दोन लडी, एक पांढरी व एक ऐनाची, आम्ही जून लागण्यापूर्वी सहा आठवडे खाडीत बांधून ठेविल्या होत्या. पांढरी बाहेर काढताच हातात तुटली. तपकिरी फिकी झाली होती, पण तीस दोन मुलांनी ओढूनही ती तुटली नाही. ती लड धुऊन आजींनी पुन्हा काढ्यात टाकावयास लावली, कारण दुसऱ्या खेपेस रंग पहिल्यापेक्षा गडद बसतो.