इंग्रजींतील पूर्ण वर्तमानकाळ

इंग्रजी शिकतांना आपल्या मुलांना जे घोटाळे पडतात, त्यांत पूर्ण वर्तमानकाळाचा घोटाळा फार चिवट आहे. कारण हा काळ आपल्या ओळखीचा वाटतो. ‘मीं हें पुस्तक वाचलें आहे’ या वाक्याशीं ‘आय हॅव रेड धिस बुक’ हें वाक्य इतकें जुळतें कीं, ‘आहे’ दिसलें तेथें ‘हॅव’ घालावें असा समज सहज होतो. हा समज पुढें अनेक ठिकाणीं फसवितो.

‘मीं त्यांना काल सांगितलें आहे’ हें मराठी निर्दोष आहे. पण ‘आय हॅव टोल्ड देम यस्टर्डे’ हें इंग्रजी अशुद्ध होय. या काळानें क्रिया केव्हां घडली तें सांगावयाचें नसतें. ती घडल्यामुळें आज काय स्थिति आहे तें सांगावयाचें असतें. म्हणून काल, गेल्या वर्षीं, २०१५ सालीं, असा सरलेला काळ वाक्यांत आला कीं साधा भूतकाळच घ्यावा. नोकरीच्या अर्जांत ‘आय हॅव पास्ड बी. ए. इन २०१५’ असें लिहूं नये. तेथें नुसतें ‘पास्ड’ हवें.

‘बाळ झोपलें आहे’, ‘आजोबा ओसरीवर बसले आहेत’ या वाक्यांचें रूप पूर्ण काळाचें असलें, तरी अर्थ चालू स्थितीचा आहे. तेथें ‘इज अस्लीप’, ‘इज सिटिंग’ असेंच म्हणावें लागतें. तसेंच, १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याविषयीं आपण ‘टिळकांनीं त्यांत म्हटलें आहे’ असें आजहि लिहितों. दिवंगत ग्रंथकाराविषयीं इंग्रजींत सामान्यतः ‘सेज’ किंवा ‘रोट’ येतें.

सर्वांत घातक चूक मात्र याच्या उलट बाजूस होते. ‘आजी पांच वर्षें आजारी आहे’ यांत मराठीचा साधा वर्तमानकाळ आहे. इंग्रजीस तेथें पूर्ण काळ लागतो : ‘हॅज बीन इल फॉर फाइव्ह इयर्स’. ‘इज इल सिन्स फाइव्ह इयर्स’ हें अशुद्ध असलें तरी अर्थ कळतो. पण कोणी सुधारणा म्हणून ‘वॉज इल फॉर फाइव्ह इयर्स’ असें लिहिलें, तर व्याकरण शुद्ध राहतें आणि वार्ता खोटी होते. आजी बरी झाली किंवा निवर्तली, असेंच वाचणारा समजेल. परगांवच्या डॉक्टरास लिहिलेल्या पत्रांत अशी चूक किती महाग पडेल! यांतच हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, कालावधि सांगतांना ‘फॉर’ आणि आरंभ सांगतांना ‘सिन्स’ : ‘फॉर थ्री डेज’, पण ‘सिन्स मंडे’.

एके ठिकाणीं मात्र मराठी आपणांस चांगली साथ देते. ‘तो काशीस गेला आहे’ म्हणजे ‘हॅज गॉन’. ‘काशीस जाऊन आला आहे’ म्हणजे ‘हॅज बीन’. हा भेद आपल्या मुलांना शिकवावा लागत नाहीं, दाखविला कीं पुरतो.

घरीं सराव घेतांना मुलांनीं प्रत्येक वाक्यास दोन प्रश्न विचारावे. ‘केव्हां?’ याचें उत्तर वाक्यांतच असेल, तर साधा भूतकाळ. ‘तेव्हांपासून अजून चालूं आहे काय?’ याचें उत्तर होय असेल, तर ‘हॅव’ किंवा ‘हॅज’. रोज पांच वाक्यें या दोन प्रश्नांनीं तपासलीं, तर नियम पाठ करण्याचे कष्ट पुष्कळ वांचतील.