हाताशी असलेल्यांना घेऊन

लेस्टर सिटीनं २०१६ मध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा सगळ्या जगानं त्याला चमत्कार म्हटलं. हंगामाच्या सुरुवातीला सट्टेबाजांनी या संघाच्या विजेतेपदाला एकास पाच हजार असा भाव लावला होता. आदल्या वर्षी हाच संघ खालच्या श्रेणीत जाता जाता वाचला होता. तरीही चमत्कार हा शब्द मला पटत नाही. मी कोल्हापुरात शाळकरी पोरांना फुटबॉल शिकवतो आणि लेस्टरचे तेव्हाचे प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरी या माणसाला मनोमन गुरू मानतो. लेस्टरचं यश आकाशातून पडलं नव्हतं. त्याची मुळं या माणसाच्या चार दशकांच्या वाटचालीत आहेत.

रानिएरींचा जन्म १९५१ चा, रोमचा. तेस्ताच्चो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत वडिलांचं मटणाचं दुकान होतं. एएस रोमा क्लबचं पहिलं नावाजलेलं मैदानही त्याच वस्तीतलं. रोमाची भक्ती त्यांना लहानपणापासूनच जडली. पुढे ते रोमाकडून खेळलेही, पण मोजकेच सामने वाट्याला आले. १९७४ मध्ये ते इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियातल्या कातान्झारो क्लबात गेले आणि तिथे बचावपटू म्हणून आठ हंगाम खेळले. देशाची जर्सी त्यांना कधीच मिळाली नाही. मिळाल्या त्या बढत्या. युरोपात तळाचे संघ दर वर्षी खालच्या श्रेणीत ढकलले जातात आणि खालचे काही वर येतात. छोट्या क्लबसाठी हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो, कारण श्रेणी गेली की उत्पन्न आटतं आणि चांगले खेळाडू निघून जातात. रानिएरींनी कातान्झारोबरोबर दोनदा, मग कातानिया आणि पालेर्मोबरोबर एकेकदा अशी वरची श्रेणी गाठली. पुरेसा पैसा नसलेला संघ कशाच्या जोरावर उभा राहतो, हे ते मैदानातच शिकले.

प्रशिक्षक म्हणून त्यांचं नाव झालं ते सार्डिनिया बेटावरच्या काल्यारीत. १९८८ मध्ये हा क्लब तिसऱ्या श्रेणीत होता. रानिएरींनी लागोपाठ दोन वर्षांत दोन बढत्या मिळवून त्याला थेट सेरी आ या इटलीच्या सर्वोच्च श्रेणीत नेलं. पुढे मॅराडोना सोडून गेल्यावरच्या नापोलीत त्यांनी जान्फ्रांको झोला या तरुणावर भिस्त ठेवली. दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या फिओरेंतिनाला त्यांनी वर आणलं आणि १९९६ मध्ये इटालियन कप जिंकून दिला. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाबरोबर १९९९ चा कोपा देल रे जिंकला.

२००० मध्ये ते लंडनला चेल्सीत गेले. तिथे इंग्लिश वृत्तपत्रांनी त्यांना ‘टिंकरमन’ हे नाव चिकटवलं, म्हणजे संघात सतत फेरफार करत बसणारा. २००४ च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य सामन्यात हा शिक्का पक्का झाला. मोनॅकोत बरोबरी होती, प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू बाहेर गेला होता. रानिएरींनी जिंकण्यासाठी बदली खेळाडू उतरवले, संघाची घडी विस्कटली आणि चेल्सी ३-१ अशी हरली. लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळवूनही उन्हाळ्यात त्यांची गच्छंती झाली. पुढच्या दहा वर्षांत युव्हेंटस, रोमा, इंटर, मोनॅको असे क्लब झाले. २०१४ मध्ये ग्रीसच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असताना ते घरच्या मैदानावर फेरो बेटांसारख्या चिमुकल्या संघाकडून हरले आणि लगेच पदावरून गेले.

तेव्हा वय ६३. लेस्टरनं जुलै २०१५ मध्ये त्यांना नेमलं, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. इथे त्यांनी काय केलं, ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे.

आधीचे प्रशिक्षक नायजेल पिअरसन यांचे सहायक क्रेग शेक्सपिअर आणि स्टीव्ह वॉल्श यांना त्यांनी कायम ठेवलं. इटालियन माणूस आता डावपेचांनी डोकं खाणार, ही धास्ती खेळाडूंच्या चेहऱ्यावर त्यांनी वाचली आणि डावपेचांची भाषा मुद्दाम कमी केली. सरावात कुणी पेंगुळला की ते काल्पनिक घंटा वाजवत: डिली डिंग, डिली डाँग! नाताळात प्रत्येकाला त्यांनी खरीखुरी छोटी घंटाच भेट दिली. पहिल्या नऊ लीग सामन्यांत संघानं प्रत्येक वेळी गोल खाल्ला. गोल न खाता एक सामना काढा, पिझ्झा माझ्याकडून, असं त्यांनी कबूल केलं. दहाव्या सामन्यात क्रिस्टल पॅलेसला १-० नं हरवल्यावर ते सगळ्यांना शहरातल्या एका पिझ्झेरियात घेऊन गेले. तिथे खेळाडूंना स्वतःच पीठ थापावं लागलं. पिझ्झासुद्धा कष्टानं मिळवायचा!

पण नुसत्या पिझ्झानं बचाव सुधारत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस आर्सेनलकडून ५-२ असा पराभव झाल्यावर रानिएरींनी दोन्ही बाजूंचे बचावपटू बदलले आणि ख्रिस्तियान फुक्स व डॅनी सिम्पसन यांना आणलं. मध्ये वेस मॉर्गन आणि रॉबर्ट ह्यूथ हे दोन धिप्पाड गडी. ह्यूथला तर चेल्सीत पदार्पणाची संधी रानिएरींनीच दिली होती. या दोघांची धाव संथ, म्हणून संघ आपल्या गोलजवळ दाटीनं उभा राहायचा आणि चेंडू खुशाल प्रतिस्पर्ध्याकडे राहू द्यायचा. मधल्या फळीतल्या कांटेनं चेंडू हिसकावला की तो त्याचा जोडीदार ड्रिंकवॉटर किंवा बाजूनं खेळणाऱ्या माहरेझमार्गे क्षणात आघाडीच्या व्हार्डीच्या पुढच्या मोकळ्या जागेत जाई. व्हार्डी काही वर्षांपूर्वी कारखान्यात काम करत निमव्यावसायिक संघातून खेळत होता, माहरेझ फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतून आला होता. त्या हंगामात व्हार्डीनं सलग ११ लीग सामन्यांत गोल करून विक्रम केला.

ही घडी बसल्यावर रानिएरींनी ती मोडली नाही. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत लेस्टरनं पाच सामने १-० नं जिंकले. त्या हंगामात लीगमध्ये अंतिम अकरामध्ये सर्वांत कमी बदल करणारा संघ लेस्टरच होता. ज्यांना टिंकरमन म्हटलं गेलं, त्यांनीच हे केलं. साठी उलटल्यावर स्वतःची जुनी सवय बाजूला ठेवणं किती अवघड असतं, हे कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा. ३८ सामन्यांत फक्त तीन पराभव, ८१ गुण आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या आर्सेनलपेक्षा दहा गुण जास्त!

जानेवारी २०१७ मध्ये फिफानं त्यांना सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरवलं. पण लेस्टर पुन्हा तळाकडे घसरलं होतं आणि फेब्रुवारीत त्यांना काढण्यात आलं. त्यांनी थयथयाट केला नाही, खेळाडूंवर खापर फोडलं नाही. मला त्यांचा सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे.

२०२३ च्या जानेवारीत, ७१ व्या वर्षी, ते दुसऱ्या श्रेणीत अडकलेल्या काल्यारीत परतले. जूनमध्ये बारीच्या मैदानावर बढतीचा निर्णायक सामना झाला आणि अगदी शेवटी, भरपाई वेळेत पावोलेत्तीच्या गोलनं काल्यारी वर आलं. पुढच्या वर्षी संघाला सेरी आ मध्ये टिकवून त्यांनी निवृत्ती घेतली. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये गटांगळ्या खाणाऱ्या रोमानं हाक दिली. एका हंगामातले ते रोमाचे तिसरे प्रशिक्षक. संघ बाराव्या क्रमांकावर होता. त्यांनी सलग १९ लीग सामने पराभव टाळून तो पाचव्या स्थानी नेला. चौथं स्थान एका गुणानं हुकलं.

आमच्याकडे नवे प्रशिक्षक येतात, ते मोठ्या क्लबांचे डावपेच वहीत उतरवून. चौदा वर्षांच्या पोरांना बार्सिलोनासारखे पास द्यायला लावतात आणि पोरं खेळायचीच विसरतात. त्यांना मी रानिएरींचं उदाहरण देतो. आधी हाताशी कोण आहे ते नीट पाहा, कुणाचे पाय वेगवान, कुणाचं डोकं थंड, कुणाला धीर द्यावा लागतो. पद्धत त्यानंतर ठरवा. एकदा ती जमली की आपल्या हुशारीचा मोह आवरा. रानिएरींना हे पक्कं कळायला साठी उलटावी लागली. आपल्या तरुण प्रशिक्षकांना ते आजच शिकता येईल.