आतड्यातलं ‘ये रे माझ्या मागल्या’

न्यूमोनिया झाला म्हणून आठवडाभर अँटिबायोटिक घेतलं. न्यूमोनिया गेला, पण पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. सोबत पोटात मुरडा आणि ताप. शौचाच्या तपासणीत जंतूचं नाव कळतं, क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. डॉक्टर लोक त्याला नुसतं ‘सी डिफ’ म्हणतात. त्यावर पुन्हा दहा दिवसांचं अँटिबायोटिक. जुलाब थांबतात, रुग्ण घरी जातो आणि पंधरवड्यात पहिले पाढे पंचावन्न. पहिल्या खेपेनंतर साधारण पाचांपैकी एकाला हा आजार पुन्हा गाठतो. एकदा उलटला की आणखी एकदा उलटण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या घरात जाते.

हा जंतू १९३५ मध्ये पहिल्यांदा सापडला तो तान्ह्या बाळांच्या शौचात. बाळं ठणठणीत होती, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा संशय गेला नाही. पुढे १९७०च्या दशकात क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांच्या मोठ्या आतड्यावर पिवळट पापुद्रे दिसू लागले, आणि १९७८ मध्ये त्यामागे हाच जंतू असल्याचं निश्चित झालं.

त्याचं बळ बीजाणूत आहे. परिस्थिती प्रतिकूल झाली की हा जंतू जाड कवचाच्या बीजाणूच्या रूपात निपचित पडून राहतो. वाढणारे जंतू व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकने मरतात, बीजाणूंचं काही बिघडत नाही. त्यांना जाग येते ती यकृतातून येणाऱ्या पित्ताम्लांमुळे. निरोगी आतड्यात क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारखे काही जीवाणू या पित्ताम्लांचं रूप बदलून टाकतात आणि ती बदललेली आम्लं सी डिफला वाढू देत नाहीत. अँटिबायोटिकने सी डिफबरोबर हे राखणदारही मरतात. पीक गेलेल्या रानात तण माजावं तसं मग होतं, आणि आपण पुन्हा तणनाशकच फवारत बसतो. माझ्या मते या आजाराचं खरं दुखणं इथेच आहे. मारण्याचे उपाय वैद्यकाकडे भरपूर होते, पेरणीचा विचार फार उशिरा झाला.

तसा तो डेन्व्हरच्या बेन आयझमन या सर्जनने १९५८ मध्येच केला होता. मरणाच्या दारातल्या चार रुग्णांना त्यांनी निरोगी माणसाच्या शौचाचा एनिमा दिला आणि चौघेही बरे झाले. त्यानंतर कितीतरी वर्षं हा उपाय कडेलाच पडून होता. नाक मुरडणाऱ्यांना उत्तर मिळालं अ‍ॅमस्टरडॅममध्ये, आणि तेही नाकावाटेच! २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत आधी आतडं धुऊन घेतलं जाई. मग दात्याचं शौच मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून, नाकातून घातलेल्या नळीने थेट लहान आतड्यात सोडलं जाई. १६ रुग्णांपैकी १३ एकाच वेळच्या उपचाराने बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिनवरच्या १३ रुग्णांपैकी बरे झाले चारच. फरक इतका स्वच्छ होता की चाचणी मध्येच थांबवली गेली.

अर्थात दुसऱ्याचं शौच म्हणजे दुसऱ्याचे सगळेच जंतू. २०१९ मध्ये अमेरिकेत अशा उपचारातून औषधांना न जुमानणारा ई कोलाय शरीरात गेला आणि एका रुग्णाचा मृत्यू झाला. दात्यांच्या तपासण्या त्यानंतर फार कडक झाल्या. २०२३ मध्ये तिथे मंजूर झालेल्या ‘व्हाऊस्ट’ या कॅप्सूलमध्ये दात्याच्या शौचावर अल्कोहोलची प्रक्रिया करतात. बाकीचे जंतू मरतात, उरतात ते उपयोगी जीवाणूंचे बीजाणू. शत्रूचीच युक्ती! चाचणीत आठ आठवड्यांत आजार उलटला तो कॅप्सूल घेतलेल्यांपैकी १२ टक्के रुग्णांत, खोट्या कॅप्सूलवरच्यांपैकी ४० टक्क्यांत.

हे उपाय सगळ्यांच्या हाती नाहीत, आणि खरा बचाव त्याआधीच होतो. इंग्लंडमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातल्या अँटिबायोटिकांचा वापर आवळल्यावर २००६ नंतरच्या काही वर्षांत सी डिफचे रुग्ण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. व्हायरल सर्दीसाठी केमिस्टकडून परस्पर ‘पाच दिवसांचा कोर्स’ आणणाऱ्या आपण मंडळींनी हा आकडा लक्षात ठेवावा. रुग्णाच्या खोलीत सॅनिटायझरच्या भरवशावर राहू नये, कारण अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत. साबण आणि वाहतं पाणीच हवं, संडास क्लोरिनच्या द्रावणाने पुसायला हवा. दही जरूर खा, पण त्यातले जीवाणू अँटिबायोटिकने मोकळी झालेली जागा भरून काढतील, याला भक्कम पुरावा नाही. जुलाब थांबल्यावर ‘गेला का बघू’ म्हणून पुन्हा तपासणी करण्यात अर्थ नसतो. माणूस बरा झाला तरी ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते.

ज्यांना हा आजार एकदा होऊन गेला आहे, त्यांना पुढे कधी दुसऱ्या कारणाने अँटिबायोटिक घ्यावंच लागलं, तर काही डॉक्टर त्याबरोबर कमी मात्रेत व्हँकोमायसिन तोंडावाटे देतात. ते रक्तात फारसं शोषलं जात नाही, आतड्यातच राहून काम करतं. म्हणून इंजेक्शनचा इथे उपयोग नाही. व्हँकोमायसिन द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी त्यांना जुना आजार ठाऊक हवा. तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी प्रिस्क्रिप्शन लिहिण्याआधीच सांगा, मला सी डिफ होऊन गेला आहे.