बाळंतपणानंतर पुन्हा खोगिरावर

घोडेस्वारी हा आमच्या वाचकांच्या घरातला विषय नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. आपला घोड्याशी संबंध येतो तो माथेरानच्या सहलीत, नाही तर लग्नाच्या वरातीत. आणि नवरदेव घोड्यावर का बसला म्हणून वरातीवर दगडफेक झाल्याच्या बातम्या देशाच्या काही भागांतून अजूनही वाचाव्या लागतात. घोड्यावर कोणी बसावे आणि कोणी बसू नये, हे ठरवण्याची खोड जुनी आहे. ती फक्त आपल्याच देशात होती असे मात्र नाही. म्हणून आज डेन्मार्कच्या एका बाईंची हकिकत सांगतो. ती एका बाळंतिणीची हकिकत आहे आणि एका नियमाचीही आहे.

लिस हार्टेल यांचा जन्म १९२१ सालचा. त्यांचा खेळ ड्रेसाज. यात शर्यत नसते, अडथळ्यांवरून उड्याही नसतात. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा आखलेल्या मैदानात घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घ्यायच्या. संथ चाल, दुडकी, वळणे, पाय तिरके टाकत बाजूला सरकणे, जागच्या जागी पावले टाकणे, असे सारे त्यात येते. स्वाराने तोंडाने आवाज काढलेला चालत नाही. पोटरीचा दाब, मांडीची पकड, बैठकीतला भार आणि लगामाची बारीक हालचाल एवढ्यावरच घोड्याला हुकूम कळतो. बघणाऱ्याला वाटावे, बाई नुसती बसली आहे, करते आहे ते घोडाच! घर चालवणाऱ्या बाईविषयीही लोकांना नेमके असेच वाटत असते, हे जाता जाता सांगून टाकतो.

१९४३ आणि १९४४ साली हार्टेलबाई आपल्या देशात या खेळाच्या विजेत्या ठरल्या. डेन्मार्क तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. बाईंचे लग्न झालेले, पदरी एक मुलगी, आणि दुसऱ्या खेपेचे दिवस गेलेले. अशात सप्टेंबर १९४४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला. पोलिओवर तेव्हा लस नव्हती. साल्क यांची लस वापरात आली ती १९५५ साली. आपल्या देशात या रोगाचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामुळे आजच्या तरुण आयांना या रोगाची दहशत काय होती, ते कळायचे नाही. ज्यांच्या गल्लीत कुबड्या घेऊन शाळेत जाणारे एखादे पोर होते, त्यांना विचारावे.

पोटात मूल आणि अंगात लुळेपणा, अशी ही अवस्था. त्या आजारातच बाईंना मुलगी झाली, ती सुखरूप आणि धडधाकट. पण आईला स्वतःच्या पायांवर उभे राहता येईना. फार तर कुबड्यांवर चालाल, असा डॉक्टरांचा अंदाज होता. बाईंनी आधी हात उचलायला शिकून घेतले, मग जमिनीवर रांगायला. घरात एक तान्हे मूल आणि त्याची आईही रांगते आहे, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. नवऱ्याने साथ दिली, आईने साथ दिली. ही आई स्वतः घोड्यांतली जाणकार होती. ‘आता पुरे, लेकरांकडे बघ’ असे न म्हणणारी आई मिळणे, ही कोणत्याही देशात मोठी गोष्ट आहे.

बरेचसे स्नायू हळूहळू कामाला लागले. गुडघ्याखालचे पाय मात्र कायमचे गेले आणि हातांतही कमजोरी राहिली. आता वर सांगितलेले आठवा. ड्रेसाजमध्ये घोड्याशी बोलायचे ते पोटरीने. या बाईंच्या पोटऱ्याच निकामी! घोड्यावर चढायला आणि उतरायला दुसऱ्याचा आधार लागे. तरीही त्या खोगिरावर परतल्या. पायाने जे सांगायचे ते त्यांनी पाठीने, कमरेने आणि अंगाचा भार इकडून तिकडे सरकवून सांगायला सुरुवात केली. ज्युबिली नावाचे त्यांचे जनावर ही नवी भाषा शिकले. १९४७ साली, म्हणजे आजारानंतर अवघ्या तीन वर्षांत, स्कँडिनेव्हियन स्पर्धेत बाई दुसऱ्या आल्या.

मग १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला त्या का दिसल्या नाहीत? पाय नव्हते म्हणून नव्हे. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये त्या वेळी फक्त लष्करी अधिकाऱ्यांनाच प्रवेश होता. बायका नकोत आणि साधे शिपाईही नकोत! हा नियम किती कडक होता, ते त्याच वर्षी दिसले. स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. पुढे उघडकीस आले, की संघातले गेनॅल पेर्सन हे मुळात सार्जंट. स्पर्धेपुरती त्यांना बढती देऊन लेफ्टनंट केले होते आणि स्पर्धा आटोपताच पुन्हा खाली उतरवले होते. १९४९ मध्ये स्वीडनचे पदक काढून फ्रान्सला दिले गेले. पेर्सन यांनी घोडा वाईट चालवला, असे कोणी म्हटले नाही. दोष होता तो खांद्यावरच्या फितीत. हे वाचताना आमच्या वाचकांच्या मनात काय काय येईल, ते आम्ही लिहिण्याची गरज नाही.

या प्रकरणाची शोभा झाली आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून हे दार उघडले. साध्या सैनिकाला, लष्कराबाहेरच्या माणसाला आणि बाईलाही. स्वीडनने पेर्सनसह तेच तिघे पुन्हा उतरवले आणि सुवर्णपदक पुन्हा मिळवले. वैयक्तिक स्पर्धेत पहिले आले स्वीडनचेच हेन्री सेंट सिर, ५६१ गुण. दुसऱ्या लिस हार्टेल, ५४१.५ गुण. तिसरे फ्रान्सचे झुसोम, ५४१ गुण. अर्ध्या गुणाचा फरक! आम्ही आकडेमोडीवर पोट भरणारी माणसे, म्हणून हा अर्धा गुण मुद्दाम नोंदवतो. पदक घ्यायला चौथऱ्यावर चढणे बाईंना शक्य नव्हते. पहिल्या आलेल्या सेंट सिर यांनीच त्यांना आधार देऊन वर नेले. प्रेक्षकांतल्या कित्येकांना तोवर पत्ताच नव्हता, की ही बाई चालू शकत नाही.

१९५६ चे ऑलिंपिक मेलबर्नला होते. पण ऑस्ट्रेलियाच्या जनावरांच्या विलगीकरणाच्या कायद्यामुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला झाल्या. तिथेही हार्टेलबाईंना रौप्यपदक मिळाले. या वेळी चौथऱ्यावर आणखी एक बाई होती, जर्मनीच्या लिझलॉट लिन्सेनहॉफ, कांस्यपदकाच्या मानकरी. लिन्सेनहॉफ यांना १९६० मध्ये मुलगी झाली. त्यानंतर १९६८ मध्ये त्यांनी सांघिक सुवर्ण मिळवले आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण. घोडेस्वारीत वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. ती मुलगी पुढे १९८८ मध्ये सोल येथे स्वतः सांघिक सुवर्णपदक घेऊन गेली.

अगदी अलीकडचे उदाहरण जर्मनीच्याच जेसिका फॉन ब्रेडो-वेर्न्डल यांचे. त्यांनी टोकियोत २०२१ मध्ये दोन सुवर्णपदके घेतली. ऑगस्ट २०२२ मध्ये दुसरे अपत्य झाले. एप्रिल २०२३ मध्ये त्याच दालेरा नावाच्या घोडीवर विश्वचषक आणि २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा दोन सुवर्णपदके. अशा बायकांना एक प्रश्न हमखास विचारतात : पडलात तर लेकराचे काय? हा प्रश्न घोड्यावर बसणाऱ्या बापाला विचारलेला आमच्या कानावर अजून यायचा आहे.

पाठीला मूल बांधून घोडा उधळणाऱ्या राणीचे पुतळे आपल्याकडे चौकाचौकांत आहेत. पण पुतळ्यातल्या बाईची कंबर दुखत नाही. खऱ्या बाईची दुखते. कमरेच्या हाडांच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांचा भार ते पेलतात. नऊ महिन्यांच्या ओझ्याने आणि प्रसूतीच्या ताणाने ही झोळी सैल पडते. पोटाचे स्नायूही फाकलेले असतात. घोड्यावर तोल राहतो तो याच स्नायूंच्या जोरावर, आणि दुडक्या चालीचा दणका बसतो तोही यांनाच. म्हणून सहा आठवड्यांनी डॉक्टरांची तपासणी झाल्याशिवाय खोगिराला हात लावायचा नाही. सिझेरियन झाले असेल तर त्याहून अधिक थांबायचे, कारण वरची जखम मिटली तरी आतली मिटायला वेळ घेते. धावणे, उड्या असल्या दणक्याच्या व्यायामांना साधारण तीन महिने तरी जाऊ द्यावेत, असे फिजिओथेरपिस्ट सांगतात. परतताना पहिले काही दिवस शांत जनावर आणि नुसती संथ चाल, तीही थोडाच वेळ.

तोवर घरी करायचा व्यायाम फुकटचा आहे आणि तो घोड्याशिवायच्या भगिनींनाही लागू आहे. खड्ड्यांतून एसटीने किंवा स्कूटरवर मागे बसून कामाला जाणाऱ्यांना तर खासच. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, काही सेकंद धरायचे, सावकाश सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही. मूल पाजताना बसल्या जागीही होतो. शिंकताना, हसताना किंवा हंडा उचलताना लघवी निसटत असेल तर ‘बाळंतपणानंतर असेच असते’ म्हणून गप्प बसणाऱ्या बायका आमच्या वस्तीत पुष्कळ आहेत, आणि त्यांना गप्प बसवणाऱ्या सासवाही. त्यावर उपचार आहे. सरकारी दवाखान्याच्या स्त्रीरोग विभागात केसपेपर काढावा आणि तक्रार जशी आहे तशी, न लाजता, डॉक्टरांना सांगावी.