शब्दांवर चालणारा दिवस

बीबीसीच्या ‘रेडिओ फोर’ या केंद्रावर पहाटे जे काही पहिल्यांदा ऐकू येते, त्यातले एक निवेदन घरात चहा घेत बसलेल्या श्रोत्याच्या काहीच उपयोगाचे नसते. व्हायकिंग, फॉर्टीज, डॉगर, फिशर, जर्मन बाइट अशी समुद्रविभागांची नावे ठरलेल्या क्रमाने उच्चारली जातात आणि प्रत्येकापुढे वाऱ्याची दिशा, त्याचा जोर, पाऊस व दृश्यमानता एवढेच सांगितले जाते. ब्रिटनभोवतालच्या समुद्राचे असे ३१ विभाग आहेत. त्या सर्वांचा अंदाज सुमारे ३५० शब्दांत बसवावा लागतो. एकही शब्द उधळपट्टीचा नाही.

या काटकसरीमागे मोठी किंमत मोजलेली आहे. १८५९ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाहून परतणारे ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. सोन्याच्या खाणींत कमाई करून घराकडे निघालेले कित्येकजण त्यात होते, आणि ते घराच्या इतक्या जवळ येऊन बुडाले. त्यानंतर रॉबर्ट फिट्झरॉय या नौदल अधिकाऱ्याने १८६१ पासून तारेने वादळाच्या सूचना बंदरांना धाडण्याची व्यवस्था केली. पुढे हेच काम रेडिओकडे आले. २००२ मध्ये ‘फिनिस्टेर’ या समुद्रविभागाला फिट्झरॉयचे नाव देण्यात आले.

रेडिओ फोर हे नाव ३० सप्टेंबर १९६७ रोजी रूढ झाले. त्याआधी हीच सेवा ‘होम सर्व्हिस’ म्हणून चालत असे. गाणी जवळजवळ नाहीत, जाहिराती तर मुळीच नाहीत. मग हा खर्च कोण भागवतो? दूरचित्रवाणी पाहणाऱ्या घरांकडून परवाना शुल्क घेतले जाते, त्यातूनच रेडिओही चालतो. केवळ रेडिओ ऐकणाऱ्यासाठी पूर्वी वेगळा परवाना होता. तो १९७१ मध्ये रद्द झाला. आपल्याकडे टपाल कचेरीत रेडिओचा परवाना नूतनीकरण करून घेतल्याची आठवण जुन्या वाचकांना असेलच.

सकाळी सहा ते नऊ ‘टुडे’ हा १९५७ पासूनचा बातम्यांचा कार्यक्रम असतो. मंत्र्यांना येथे आडवेतिडवे प्रश्न विचारले जातात आणि उत्तर टाळले तर तेही साऱ्या देशाला ऐकू जाते. त्याच गदारोळात पावणेआठच्या सुमारास तीन मिनिटांहूनही कमी वेळ एखादा धर्मचिंतक बोलतो. दहाच्या ठोक्याला ‘वुमन्स अवर’. १९४६ मध्ये स्त्रियांचा हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्याचे सूत्रसंचालन एका पुरुषाकडे सोपवले होते, हे आज वाचताना हसू येते. गुरुवारी सकाळी ‘इन अवर टाइम’मध्ये तीन प्राध्यापक एकाच विषयावर बोलतात, तो विषय एखादे प्राचीन साम्राज्य असेल, गणिताचा सिद्धान्त असेल किंवा एखादा कवी. १९९८ पासून २०२५ पर्यंत मेल्विन ब्रॅग यांनी तो चालवला.

पेढीवर बसणाऱ्या वाचकाने विशेष दखल घ्यावी असा कार्यक्रम म्हणजे १९७० मध्ये सुरू झालेला ‘यू अँड युअर्स’. न पोहोचलेला माल, फसवे करार, वाढीव बिले, बँकेच्या नावाने झालेली लबाडी अशा तक्रारी येथे ग्राहकाच्या तोंडून ऐकवल्या जातात आणि संबंधित कंपनीचे म्हणणेही मांडले जाते. पैशांविषयी ‘मनी बॉक्स’ हा वेगळा कार्यक्रम १९७७ पासून आहे. जाहिरातदाराची मर्जी सांभाळायची नसल्याने हा मोकळेपणा शक्य होतो. पत ही कागदावर नसते, लोकांच्या बोलण्यात असते, हे जाणणाऱ्या व्यापाऱ्याला या कार्यक्रमाची धास्ती का वाटते ते वेगळे सांगायला नको.

आणि ‘द आर्चर्स’! अँब्रिज या काल्पनिक खेड्यातील शेतकरी कुटुंबाची ही श्राव्यमालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकली जात आहे. तेव्हा ब्रिटनमध्ये अन्नाचे रेशनिंग संपलेले नव्हते. शेतकऱ्याने नव्या पद्धती स्वीकाराव्यात म्हणून गोष्टीच्या पोटात शेतीची माहिती घालण्याची ही युक्ती होती. २२ सप्टेंबर १९५५ रोजी व्यावसायिक दूरचित्रवाणी सुरू झाली, त्याच संध्याकाळी मालिकेतील ग्रेस आर्चर ही तरुण पत्नी तबेल्याच्या आगीत मरण पावली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत नव्या वाहिनीऐवजी तिचीच चर्चा. स्पर्धकाच्या उद्घाटनाची हवा काढण्याचा याहून पक्का डाव क्वचितच कोणी टाकला असेल.

मात्र मालिकेचे खरे बळ २०१६ मध्ये दिसले. हेलनचा नवरा रॉब तिने काय नेसावे, गाडी चालवावी की नाही, कोणाशी बोलावे हे ठरवत होता. तो छळ फार हळूहळू, महिनोन्‌महिने, गोड शब्दांत चालला होता. शेजारीपाजारी त्याला सज्जनच समजत. रोज संध्याकाळी तेरा-चौदा मिनिटे ते ऐकताना अनेक श्रोत्यांना गुदमरल्यासारखे झाले. अशा जाचाला इंग्लंडच्या कायद्याने २०१५ च्या डिसेंबरात गुन्हा ठरवले होते. पण कायदा म्हणजे काय ते कित्येकांना या स्वयंपाकघरातल्या संवादांतून उमगले. एका श्रोत्याने पीडित स्त्रियांना आसरा देणाऱ्या ‘रेफ्यूज’ या संस्थेसाठी निधी उभारायला घेतला आणि पाहता पाहता लाखाहून अधिक पौंड जमले. कल्पनेतल्या हेलनसाठी दिलेला पैसा खऱ्याखुऱ्या घरांतून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांपर्यंत गेला. दान मागण्याची परंपरा या केंद्राला नवी नाही. दर आठवड्याला एका सेवाभावी संस्थेसाठी आवाहन करण्याचा प्रघात १९२६ पासूनचा आहे.

संध्याकाळी सहाला बिग बेनचे ठोके, अर्ध्या तासाची बातमीपत्रिका, मग विनोदी कार्यक्रम. रात्री पावणेअकराला ‘बुक अ‍ॅट बेडटाइम’मध्ये कादंबरीचा एक भाग वाचला जातो, १९४९ पासून हा नेम आहे. मध्यरात्रीनंतर, पाऊण वाजायच्या सुमारास, ‘सेलिंग बाय’ ही संथ धून वाजते आणि पुन्हा तोच आवाज डॉगर, फिशर, जर्मन बाइट म्हणू लागतो. अंथरुणात पडून ऐकणाऱ्यांपैकी फार थोडे समुद्रावर जाणारे असतात. त्यानंतर राष्ट्रगीत होते आणि एक वाजता रेडिओ फोर आपली लहर वर्ल्ड सर्व्हिसच्या हाती देतो.