मैदान बंद, मग पगार कोणाचा?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा २०२० चा हंगाम २६ मार्चला सुरू व्हायचा होता. कोरोनामुळे तो २३ जुलैवर गेला आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला १६२ ऐवजी ६० सामने आले. खेळाडूंना पगारही सामन्यांच्या प्रमाणात, म्हणजे जेमतेम ३७ टक्के मिळाला. संघमालक आणि खेळाडू संघटना यांची त्यावरून जुंपली, तेव्हा 'कोट्यधीशांचं भांडण' म्हणून लोकांनी नाकं मुरडली.

खरी झळ मात्र खाली बसली. साखळी सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. तिथे तिकिटं तपासणारे, हॉट डॉग विकणारे, गाड्या लावून देणारे बहुतेक जण सामन्यागणिक कमावतात. सामना नाही तर रोजगार नाही. प्रत्येक संघाने अशा कामगारांसाठी १० लाख डॉलर बाजूला काढले. पण तेवढ्याने किती दिवस निघणार?

छोट्या शहरांतल्या मायनर लीगचा तर अख्खा हंगामच रद्द झाला. तिथले होतकरू खेळाडू आठवड्याला ४०० डॉलर भत्त्यावर राहिले. तोवर ४० फेऱ्या चालणारी नवोदितांची निवड पाच फेऱ्यांत आटोपली. न निवडलेल्यांना करारापोटी जास्तीत जास्त २० हजार डॉलर मिळणार होते, त्यामुळे अनेकांनी कॉलेजातच थांबणं पसंत केलं.

टोरंटोच्या संघाची गत आणखी वेगळी. कॅनडा सरकारने सीमेपलीकडून ये-जा करू दिली नाही, म्हणून त्याने 'घरचे' सामने अमेरिकेतल्या बफेलोत खेळले.